शरणागत पक्ष्यांचे यावज्जीव पालन
(गीतेच्या अठराव्या अध्यायातील पंचविसाव्या श्लोकाच्या आधारे एक अभ्यास)

गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीची लक्षणे सांगितली आहेत. त्यांतील दुसऱ्या श्लोकाचा आरंभ अहिंसेने होतो आणि त्याच श्लोकात पुढे भूतमात्रावरील दयेचा पुन्हा स्वतंत्र उल्लेख येतो. एकाच श्लोकात ही दोन लक्षणे वेगवेगळी का सांगितली, याचा विचार अभ्यासकाने अवश्य करावा. आपल्या हातून कोणासही पीडा न होणे ही अहिंसा; दुसऱ्यास होत असलेली पीडा दूर करण्यास प्रवृत्त होणे ही दया. पहिलीत निवृत्ती प्रधान आहे, दुसरीत प्रवृत्ती. आता जेथे प्रवृत्ती आली तेथे कर्म आले, आणि जेथे कर्म आले तेथे ते सात्त्विक, राजस की तामस हा प्रश्नही आला. दयेने प्रेरित झालेले कर्म हे केवळ दयेमुळे या परीक्षेतून सुटत नाही. पुष्कळ भाविक गृहस्थांना ही गोष्ट प्रथम चमत्कारिक वाटते. म्हणून एका नित्य परिचयाच्या पक्ष्याचे उदाहरण घेऊन तिचा विचार येथे केला आहे. तो पक्षी म्हणजे कोंबडी.

कोंबडीची आजची अवस्था

कोंबडी मूळची आपल्याच वनांतील. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतापर्यंत आणि पुढे ब्रह्मदेश, सयाम या देशांपर्यंत जो तांबडा रानकोंबडा आढळतो, तो हिचा मुख्य पूर्वज होय. सह्याद्रीच्या जंगलांत करड्या रंगाचा रानकोंबडा आजही पहाटे आरवतो. तोही याच कुळातला. रानातली कोंबडी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते, ती उबवते आणि पिलांना पंखांखाली घेऊन वाढवते. मनुष्याने काही हजार वर्षांपूर्वी तिला माणसाळवले आणि गेल्या शंभर वर्षांत निवड व संकर करून तिचे शरीरच पालटून टाकले. आज अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. त्या अंड्यांच्या कवचासाठी लागणारा चुना तिच्याच हाडांतून जात असल्याने तिची हाडे ठिसूळ होतात. दीड वर्षाच्या सुमारास अंडी कमी झाली की तिला मांसासाठी विकतात. मांसासाठी वाढवलेली कोंबडी तर पाच-सहा आठवड्यांत सुमारे दोन किलो वजनाची होते आणि तेवढ्याच वयात मारली जाते. अंडी देणाऱ्या जातीतील नर पिल्ले कोणाच्याच उपयोगाची नसल्याने ती जन्मतः मारून टाकतात, किंवा गुलाबी, हिरव्या रंगांत रंगवून जत्रेत मुलांच्या खेळण्यासाठी विकतात. वस्तुतः चांगली निगा मिळाल्यास कोंबडी पाच ते आठ वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते.

बेंगळुरू नगरीचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. शहाजीराजांची जहागीर म्हणून मराठी मनाला जवळची असलेली ही नगरी कुक्कुटपालनाच्या शास्त्राचेही एक मोठे केंद्र आहे. नगराजवळ हेसरघट्टा येथे केंद्र शासनाची कुक्कुटविकास व प्रशिक्षण संस्था आहे. हेब्बाळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयात सिद्ध झालेली 'गिरिराजा' ही जात १९८९ मध्ये शेतकऱ्यांच्या परसापर्यंत पोहोचली. शिवाजीनगरातील रसेल मार्केटच्या परिसरात पक्ष्यांचा जुना बाजार आहे. प्रतिदिन सहस्रावधी कोंबड्या गाड्यांतून या नगरीत येतात. त्यांतली एखादी पिंजऱ्याच्या फटीतून रस्त्यावर पडते. एखादी दुकानातून निसटते. जत्रेतले रंगीत पिलू घरी आणल्यावर मोठे होऊन आरवू लागते आणि घरच्यांना ते नकोसे होते. अशा प्रत्येक प्रसंगी कोणीतरी एक सहृदय मनुष्य तो पक्षी उचलून घेतो. येथून पुढे खरा प्रश्न सुरू होतो.

मार्च २०२० मध्ये हा प्रश्न फार भयंकर स्वरूपात उभा राहिला. त्या वेळी नव्याने पसरलेली साथ कोंबडीच्या मांसातून येते अशी खोटी आवई उठली. भाव कोसळले, खाद्याचा खर्चही निघेना. तेव्हा बेळगाव जिल्ह्यात आणि बेंगळुरूच्या शेजारच्या कोलार जिल्ह्यात काही पालकांनी हजारो कोंबड्या खड्डे खणून जिवंत पुरल्या. हे करणारे लोक जात्याच क्रूर होते असे मानण्याचे कारण नाही. ते कर्जाने गांजलेले होते. परंतु ज्या जिवाचे मोल केवळ बाजारभावाने ठरते, त्याचा भाव शून्य झाला की त्याचे जीवनही शून्य होते, ही गोष्ट त्या खड्ड्यांनी उघड केली. गीतेच्या सहाव्या अध्यायातील बत्तिसाव्या श्लोकात आत्मौपम्याचा उपदेश आहे. स्वतःच्या सुखदुःखाचे माप दुसऱ्यास लावून पाहणारा योगी श्रेष्ठ, असे भगवान तेथे सांगतात. त्या मापात बाजारभावाला स्थान नाही.

सोडता येणारे आणि न सोडता येणारे

बेंगळुरूमध्ये प्राण्यांच्या सेवेची परंपरा लहान नाही. मूळच्या इंग्लंडच्या असलेल्या क्रिस्टल रॉजर्स या बाईंनी दिल्ली आणि जयपूर येथे प्राणिसेवेची कामे उभी केल्यानंतर, वयाची ऐंशी वर्षे उलटलेली असताना, १९९१ मध्ये या नगरीत 'कंपॅशन अन्‌लिमिटेड प्लस ॲक्शन' ही संस्था सुरू केली. १९९६ मध्ये त्या वारल्या. संस्था मात्र चालू राहिली. केंगेरीच्या बाजूस 'पीपल फॉर ॲनिमल्स' या संस्थेचे वन्य प्राण्यांचे रुग्णालय आहे. तेही १९९६ पासूनचे. पतंगाच्या मांजाने पंख कापले गेलेल्या घारी तेथे मोठ्या संख्येने येतात.

अशा सेवेत पक्ष्यांचे तीन वर्ग मनात स्पष्ट ठेवावे लागतात. पहिला वर्ग घार, घुबड, साळुंकी, पोपट यांसारख्या आपल्या देशातील स्वच्छंद पक्ष्यांचा. त्यांस बरे करून आकाशात सोडणे हाच धर्म. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्यांस घरी पाळणे निषिद्धही आहे. दुसरा वर्ग परदेशी पक्ष्यांचा. पिंजऱ्यात जन्मलेले आणि पिंजऱ्यातच वाढलेले छोटे रंगीत ऑस्ट्रेलियन पोपट या वर्गात येतात. ते येथील आकाशात सोडले तर थोड्याच दिवसांत मरतात. तिसरा वर्ग कोंबड्या, बदके, टर्की यांचा. त्यांस जंगल राहिलेले नाही आणि गावाने तर त्यांचा केवळ भक्ष्य म्हणूनच स्वीकार केलेला आहे. पहिल्या वर्गाच्या बाबतीत सेवा काही आठवड्यांत पूर्ण होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या बाबतीत ती त्या पक्ष्याच्या मृत्यूपर्यंत पूर्ण होत नाही. 'वाचवले' हा भूतकाळी शब्द येथे लागू पडत नाही; येथे रोज सकाळी नव्याने वाचवावे लागते. यालाच यावज्जीव पालन म्हणावयाचे.

शिबीराजाची कथा सर्वश्रुत आहे. ससाण्याच्या भयाने मांडीवर येऊन पडलेल्या कपोतासाठी त्याने स्वतःचे मांस तराजूत घातले. त्या त्यागाची थोरवी शब्दांत मावणारी नाही. तथापि ती परीक्षा एका प्रसंगाची होती. कोंबडीला आश्रय देणाऱ्या गृहस्थाला देहाचे मांस द्यावे लागत नाही. त्याला आठ वर्षे रोज झाडू, पाणी आणि धान्य द्यावे लागते. एका दिवसाचा शिबी होण्यापेक्षा आठ वर्षांचा झाडूवाला होणे कित्येकांना कठीण जाते.

चार प्रश्न

अठराव्या अध्यायात तेविसाव्या श्लोकापासून तीन श्लोकांत कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत. पंचविसाव्या श्लोकात तामस कर्माचे लक्षण आहे. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींकडे न पाहता मोहाने जे आरंभिले जाते ते कर्म तामस होय. या चार शब्दांचा अर्थ श्रीशंकराचार्यांनी भाष्यात स्पष्ट केला आहे. त्याचे तात्पर्य असे: मागाहून जे घडणार ते अनुबंध, शक्तीचा अथवा द्रव्याचा नाश तो क्षय, प्राण्यांस होणारी पीडा ती हिंसा, आणि हे कर्म मी शेवटास नेऊ शकेन की नाही, हे स्वतःचे सामर्थ्य ते पौरुष. हा श्लोक सामान्यतः दुष्कर्मांना लावला जातो. परंतु भगवंतांनी येथे कर्माचा विषय सांगितलेला नाही, आरंभ करण्याची रीत सांगितली आहे. त्यामुळे शुभ दिसणारे कर्मही या श्लोकाच्या कक्षेत येते. आता हे चार प्रश्न आपल्या विषयास लावून पाहू.

पहिला प्रश्न अनुबंधाचा. आज घरी आणलेली पाच पिल्ले पुढे काय होणार? त्यांत तीन नर निघाले तर ते मोठे होऊन एकमेकांशी झुंजतील, पहाटे आरवतील आणि शेजारी तक्रार करतील. अंडी उबवू दिली तर वर्षभरात पाचांची पन्नास होतील आणि ज्या संख्येमुळे जिवाचे मोल नाहीसे झाले तीच संख्या आश्रमात निर्माण होईल. यास्तव जाणते सेवक अंडी उबवू देत नाहीत. ती वेळीच उचलतात आणि शिजवून, कवच बारीक करून कोंबड्यांनाच खाऊ घालतात. त्यामुळे त्यांच्या हाडांतून गेलेला चुना काही अंशी त्यांस परत मिळतो. दुसरी गोष्ट खरेदीची. खाटकाला पैसे देऊन दहा कोंबड्या सोडवल्या तर त्याच पैशांनी तो दुसऱ्या दिवशी दहा नव्या आणतो. पुण्यदिनी पारध्याकडून मुनिया विकत घेऊन उडवून देण्याच्या प्रथेतही हाच दोष आहे. घेणारे आहेत म्हणून पारधी अधिक जाळी लावतो. पकडताना आणि कोंडून ठेवताना किती पाखरे मरतात ते उडवणाऱ्यास दिसत नाही. म्हणून जो पक्षी संकटात सापडलेला असेल, टाकून दिलेला असेल, अथवा कायद्याने जप्त होऊन आला असेल त्यास आश्रय द्यावा. दयेने बाजाराचे गिऱ्हाईक होऊ नये.

दुसरा प्रश्न क्षयाचा. धान्य, भुसा, औषध, वैद्य, कुंपणाची दुरुस्ती, रात्रीची राखण हा सारा खर्च अल्प उत्साहाच्या दिवसांत हिशेबात येत नाही. अंडी न देणाऱ्या कोंबडीला बाजार नाही, आणि तिच्यासाठी वर्गणी गोळा करावयास निघालेल्या मनुष्याला गायीसाठी निघालेल्याइतकी सहज वर्गणीही मिळत नाही. धनापेक्षाही शक्तीचा क्षय अधिक घातक. एकट्याने आरंभिलेला आश्रम त्या एकट्याच्या आजारपणात ओस पडतो. म्हणून आश्रय देण्यापूर्वीच आपल्या पश्चात हे कोण पाहील याची योजना हवी. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई आदी धनिकांनी १८३४ मध्ये स्थापन केलेली पांजरपोळ आजही चालू आहे. याचे कारण संस्थापकांच्या दयेइतकेच त्यांनी करून ठेवलेल्या कायम उत्पन्नाच्या व्यवस्थेत आहे.

तिसरा प्रश्न हिंसेचा. दयेच्या कामातून हिंसा कशी होईल, असे कोणी विचारील. पण ती होते. मांसासाठी वाढवलेल्या जातीची कोंबडी घ्या. तिची भूक मनुष्याने मुद्दाम अमर्याद करून ठेवलेली आहे. मायेने तिला पोटभर दाणा घातला तर थोड्याच महिन्यांत तिचे पाय स्वतःचा भार पेलू शकत नाहीत आणि हृदय बंद पडते. तिला मोजून दाणा देणे आणि चारा शोधण्यासाठी चालावयास लावणे हीच तिच्यावरील खरी माया. त्याचप्रमाणे लहान जागेत फार पक्षी कोंबले तर ते एकमेकांस टोचून जखमी करतात. रात्री खुराडे नीट बंद न केल्यास मुंगूस, उदमांजर, साप यांपैकी कोणीतरी येते. मग आश्रय देणाऱ्याने भक्ष्यच एके ठिकाणी मांडून ठेवले असे होते.

याहून मोठा धोका रोगाचा. कुमाऊँमधील राणीखेत या गावाचे नाव मिळालेली कोंबड्यांची साथ एका रात्रीत आश्रम रिकामा करू शकते. तिच्यावर लस आहे आणि ती वेळेवर दिली पाहिजे. बर्ड फ्लूची गोष्ट अधिक कठीण. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे हा रोग भारतात कोंबड्यांत प्रथम आढळला आणि त्या परिसरातील काही लाख कोंबड्या शासनाला माराव्या लागल्या. त्यांत घरोघरच्या परसातील निरोगी कोंबड्याही होत्या. जानेवारी २०१८ मध्ये बेंगळुरूच्या दासरहळ्ळी भागातही हा रोग सापडला. रोगाच्या स्थानाभोवती साधारण एक किलोमीटरच्या टापूतील सर्व कोंबड्या मारण्याचा नियम आहे आणि मनुष्याच्या आरोग्यासाठी तो केलेला आहे. त्या टापूत एखादा आश्रम असेल तर आठ वर्षे सांभाळलेला पक्षीही वाचत नाही. म्हणून नवा पक्षी काही आठवडे वेगळा ठेवणे, सेवकांची पादत्राणे वेगळी ठेवणे, दाण्यावर रानपाखरे येऊ न देणे आणि संशय येताच पशुवैद्यास कळवणे, हे सर्व येथे अहिंसेचेच अंग ठरते. आजार लपवून आपले पक्षी वाचवू पाहणारा मनुष्य गावावर संकट आणतो.

चौथा प्रश्न पौरुषाचा. आपल्याच्याने किती होईल? येथे पुष्कळ सज्जनांची फसगत होते. एकाला आश्रय दिला की दुसऱ्याला 'नाही' म्हणताना जीव तुटतो. परंतु वीस पक्ष्यांच्या जागेत साठ पक्षी घेणारा मनुष्य चाळीस नव्या पक्ष्यांस वाचवीत नाही. तो जुन्या विसांचेही जीवन दुःसह करतो. स्वतःच्या मर्यादेचे ज्ञान हे भित्रेपण नव्हे. गीतेच्या शब्दयोजनेत ते कर्माच्या शुद्धीचे एक साधन आहे. ज्याला पक्षी ठेवता येत नाही त्याने ठेवणाऱ्यास धान्य द्यावे, महिन्यातून एक दिवस झाडलोट करावी, जखमी पक्षी योग्य स्थळी पोहोचवावा. तीही सेवाच होय.

आश्रमाचा दिनक्रम

या चार प्रश्नांस उत्तरे मिळाल्यावर जे कर्म उरते ते अगदी साधे आहे. सकाळी दार उघडणे, रात्रीतून कोणी मलूल बसले आहे काय ते पाहणे, पाणी बदलणे, ओला भुसा काढून कोरडा घालणे. पाय तपासणे विशेष अगत्याचे. पिंजऱ्याच्या तारेवर उभे राहून तळव्यास फोड झालेल्या कोंबड्या फार. जड कोंबड्यांसाठी बसावयाचे दांडे बुटके ठेवावे लागतात, नाहीतर उतरताना पाय मोडतात. कोरड्या मातीचा एक कोपरा हवा. कोंबडी त्यात लोळून अंगाला धूळ माखते, हेच तिचे स्नान. अंडी घालण्यास आडोसा हवा. सायंकाळी मोजणी करून कडी लावणे.

पिंजऱ्यात आयुष्य काढलेली कोंबडी प्रथम मोकळ्या जमिनीवर ठेवली असता पुष्कळदा उभीच राहते. पाऊल टाकीत नाही. तिची पिसे झडलेली असतात आणि चोच कापलेली असते. काही दिवसांनी ती एका पायाने माती उकरून पाहते. ही उकरण्याची प्रवृत्ती तिला कोणी शिकवलेली नसते. ती तिच्या स्वभावात असते आणि जागा मिळताच प्रकट होते. सर्व भूतांत सम असलेल्या परमेश्वरास पाहण्याचा जो उपदेश तेराव्या अध्यायाच्या सत्ताविसाव्या श्लोकात आहे, त्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने हे दृश्य एकदा शांतपणे पाहावे.

फळ न देणाऱ्या झाडाची कथा

महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्मांनी युधिष्ठिरास एका पोपटाची कथा सांगितली आहे. एका व्याधाचा विषारी बाण हरिणाऐवजी एका मोठ्या वृक्षास लागला. वृक्ष वाळू लागला. फळे गेली, पाने गळाली, इतर पाखरे उडून गेली. त्याच्या ढोलीत राहणारा पोपट मात्र तेथून हलेना. तोही वाळू लागला. इंद्राने ब्राह्मणाच्या रूपाने येऊन विचारले, "इतके मोठे अरण्य असता या वठलेल्या झाडावर का राहतोस?" पोपटाने सांगितले की, याच झाडावर त्याचा जन्म झाला, याच झाडाने त्याचे रक्षण केले, चांगल्या दिवसांत ज्याच्या आधाराने राहिलो त्यास वाईट दिवसांत सोडणे योग्य नव्हे. प्रसन्न झालेल्या इंद्राकडे त्याने स्वतःसाठी काहीच मागितले नाही. वृक्ष पुन्हा हिरवा व्हावा एवढेच मागितले.

या कथेत पक्षी हा शिकवणारा आहे. मनुष्य आज वठलेल्या झाडासारख्या झालेल्या, अंडी न देणाऱ्या कोंबडीकडे पाहतो तेव्हा त्याला त्या पोपटाची आठवण व्हावयास हवी. तिने दीड वर्षात शेकडो अंडी कोणाच्या तरी घरी पोहोचवली आहेत. आता तिच्यापासून काही मिळावयाचे नाही. सतराव्या अध्यायाच्या विसाव्या श्लोकात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना, जो परतफेड करणार नाही अशास दिलेले दान, असे म्हटले आहे. त्या लक्षणाची अक्षरशः पूर्ती जेथे होते अशा थोड्या जागांपैकी ही एक आहे. येथे कृतज्ञतेचे शब्दही परत मिळत नाहीत.

मात्र एक सूक्ष्म धोका याही ठिकाणी असतो. बाराव्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात मैत्री आणि करुणा यांच्या पाठोपाठ लगेच निर्मम आणि निरहंकार ही विशेषणे येतात. 'माझ्या कोंबड्या', 'माझा आश्रम', 'मी वाचवले' हे शब्द करुणेच्या मागून येऊन तिलाच गिळतात. ज्यास ममता जडली तो मरणासन्न पक्ष्यास वेदनेत ठेवूनही वैद्याचे ऐकत नाही. ज्यास अहंकार जडला तो दुसऱ्या संस्थेची मदत घेत नाही.

शंका-समाधान

शंका: मनुष्ये उपाशी असता कोंबड्यांवर धान्य खर्चणे उचित आहे काय?
समाधान: गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ हे दोन्ही सांगितले आहेत, एकाने दुसरा रद्द होत नाही. अतिथीस विन्मुख पाठवून काकबली घालणारा जसा चुकतो, तसा अतिथीचे निमित्त सांगून काकबली टाळणाराही चुकतो. बहुधा असे दिसते की, जो दारी आलेल्या पाखरास दाणा टाकतो त्याच्याच दारी भुकेल्या मनुष्यासही भाकरी मिळते.

शंका: त्या पक्ष्याचे प्रारब्ध तसेच आहे, त्यात आपण हात का घालावा?
समाधान: त्याचे प्रारब्ध त्यास ठाऊक नाही आणि आपल्यासही नाही. आपल्यास केवळ आपले कर्तव्य दिसते. तो आपल्या दृष्टीस पडला हेही कदाचित त्याच्याच प्रारब्धात असेल. दुसऱ्याच्या दुःखास प्रारब्ध म्हणणारा मनुष्य स्वतःच्या दुःखात वैद्याकडे धावतो. हे आत्मौपम्य नव्हे.

शंका: मांसाहारी पक्षी आला असता अहिंसाव्रती मनुष्याने काय करावे?
समाधान: दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील जैन मंदिरात पक्ष्यांचे एक जुने रुग्णालय आहे. तेथे धान्यभक्षी पक्ष्यांस ठेवून घेतात. घार, ससाणा अशा मांसभक्षी पक्ष्यांवर उपचार करतात, पण त्यांस आत ठेवीत नाहीत. आपले व्रत न सोडता आणि आलेल्यास न हाकलता काढलेला हा मार्ग आहे. ज्याला तोही साधणार नाही त्याने असा पक्षी वन्य प्राण्यांच्या रुग्णालयाकडे तत्काळ पोहोचवावा.

शंका: ज्या घरात अंडी वा मांस खाल्ले जाते, त्या घराने पक्ष्यास आश्रय देणे हे ढोंग ठरणार नाही काय?
समाधान: कोणाच्याही शुभकर्मास त्याच्या दुसऱ्या उणिवेवरून अडवू नये. एका जिवास नावाने ओळखू लागलेला मनुष्य त्या जातीकडे पूर्वीच्याच दृष्टीने फार काळ पाहू शकत नाही. परिवर्तन घडावयाचे ते त्या ओळखीतूनच घडेल, निंदेतून घडणार नाही.

गृहस्थाने करावयाच्या गोष्टी

१. मुलांना जत्रेतील रंगीत पिल्ले वा पिंजऱ्यातील पोपट घेऊन देऊ नयेत. मुलाने हट्ट धरल्यास त्या पिलाचे पुढे काय होते ते त्याला समजेल अशा भाषेत सांगावे.

२. पक्षी घरी आणलाच असेल तर तो कंटाळा आला म्हणून रस्त्यावर, देवळाच्या आवारात किंवा तळ्याकाठी सोडू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम पाळलेल्या प्राण्यास विनाकारण टाकून देणे हा अपराध मानतो, आणि ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याच्या स्वास्थ्याचे दायित्व ठेवतो.

३. नवसासाठी कोंबडा कापण्याची प्रथा जेथे आहे तेथे कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी ती थांबवण्यात पुढाकार घ्यावा. कर्नाटकात देवस्थानांच्या परिसरातील पशुपक्ष्यांच्या बळीस १९५९ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु नवसाचा कोंबडा न कापता देवळापाशी सोडून येणे म्हणजेही नवसातून सुटणे नव्हे. त्याच्या पालनाची व्यवस्था करावी.

४. पतंगाच्या दिवसांत नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे. झाडाला अडकलेला मांजा काढून टाकणे हे एका सकाळचे पुण्यकर्म आहे.

५. जखमी पक्षी सापडल्यास त्यास हवा जाईल अशा खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे. बळेच पाणी पाजू नये. वैद्यास विचारून पुढील उपाय करावा.

६. कायम आश्रय देण्याचा विचार असेल तर वरील चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत आणि घरातील सर्वांची संमती घ्यावी. विशेषतः घरातील स्त्रियांची घ्यावी. कारण उत्साह पुरुषाचा आणि झाडलोट स्त्रीची, अशी वाटणी पुष्कळ घरांत न बोलता होत असते.

उपसंहार

राज्यघटनेच्या एक्कावन्नाव्या अनुच्छेदाला १९७६ मध्ये नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये जोडली गेली, त्यांत सजीव प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे एक आहे. गीतेने ती करुणा दैवी संपत्तीत गणली आणि अठराव्या अध्यायात तिच्या आचरणाची परीक्षाही सांगून ठेवली. सव्विसाव्या श्लोकात सात्त्विक कर्त्याची लक्षणे आहेत: आसक्ती नसणे, 'मी केले' अशी भाषा नसणे, धृती आणि उत्साह असणे, सिद्धी-असिद्धीने न डळमळणे. ज्याच्या खुराड्यात आज एक कोंबडी म्हातारपणाने मेली आणि ज्याने तिला पुरून, हात धुऊन, उरलेल्या एकोणीस कोंबड्यांचे पाणी नेहमीच्या वेळी बदलले, त्याच्या ठायी ही लक्षणे कोणी न सांगताच उतरू लागली आहेत असे समजावे.

आपल्या दारी येणाऱ्या प्रत्येक जिवास आश्रय देण्याचे सामर्थ्य भगवंतांनी प्रत्येकास दिलेले नाही. परंतु ज्यास एकदा हात दिला त्याचा हात त्याच्या अंतापर्यंत न सोडण्याचे बळ मागण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. ते बळ वाचकांस लाभो, हीच त्या सर्वभूतहितरत प्रभूच्या चरणी प्रार्थना.